दाजींनी सांगितलेला शेवट

सौद्याला आमच्या दाजींइतका नालायक माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा जन्मला नाही. थोरल्या बहिणीचे यजमान, दौंड स्टेशनात तिकीट तपासनीस. भाजीवाली सांगेल तो भाव देऊन वर "परवडतं ना तुम्हाला?" असं विचारत. यवतच्या बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून बैलाचा भाव ठरतो, तोंडातून अवाक्षर निघत नाही. मी बैलांचा व्यापारी; गंमत म्हणून एकदा त्यांचा हात आत घातला, तर समोरच्यानं बोटं दाबताच हे सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, किती जोरात!" त्यातून खोटं बोलायची वेळ आलीच तर दोन्ही कान लालभडक होत.

साठ सालानंतर कधीतरी पहिल्या वर्गाच्या डब्यात कुणीतरी विसरलेली एक इंग्रजी कादंबरी त्यांना सापडली. मालक येईना, तेव्हा केडगावच्या मिशनातून शब्दकोश मागून आणून हे वाचायला बसले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापूसपिकाच्या एका गावाची गोष्ट, लिहिणारी तिथलीच एक गोरी बाई. एका निरपराध काळ्या मजुरावर खोटा आळ येतो, गाव खवळतं, पंचांपुढं खटला चालतो. दर बाजारी दाजी उस्मानभाई नालबंदाच्या बाभळीखाली बसून चारचार पानं मराठीत सांगत. आडव्या पाडलेल्या बैलाचा पाय मांडीवर आणि खिळे तोंडात, अशा थाटात उस्मानभाई विचारत, "फिर? वकील काय बोल्ला?" लिहिणारीला सगळे 'कापूसवाली बाई' म्हणू लागले. उस्मानभाई तर दर आठवड्याला तिची तब्येत विचारत. एका म्हातारीनं तिच्यासाठी भोपळा दिला. पुढच्या बाजारी "पोचला" म्हणताना दाजींचे कान बघण्यासारखे होते.

त्याच सुमाराला मी केंदूरहून एक खिलार बैल आणला. सुटी होती म्हणून दाजी सोबत होते. उस्मानभाईंनी नाल ठोकले आणि दुसऱ्या दिवशी बैल उघड उघड लंगडू लागला. माझं डोकंच फिरलं. खिळा वर्मी लागला म्हणून मी पंच बसवले आणि या माणसाला बाजारातून उठवा, अशी मागणी केली. त्यांचं सात माणसांचं घर त्या बाभळीच्या सावलीवर चालत होतं. पंच माझ्याच भावकीतले, निकाल ठरल्यातच जमा. उस्मानभाई खाली मान घालून आपली हत्यारं पोत्यात भरत होते.

तेवढ्यात दाजी उठले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बैल आधीपासूनच लंगडत होता. वाटेत मी आप्पांना दाखवलं होतं. हे म्हणाले, थकलाय."

भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी तसं मला झालं. सख्ख्या बहिणीचा नवरा! बोलले ते खरं होतं. केंदूरच्या एका शेतकऱ्यानं मला फसवलं होतं, मला! पण हे चारचौघांत कबूल करायचं कसं?

"दाजी, खाली बसा! तुम्हांला बैलाचं शिंग कुठलं आन् शेपूट कुठलं, ते तरी कळतं का?"

थोरले पंच आबा दाढी खाजवत दाजींकडे वळले. मग म्हणाले, "पाव्हणं, त्या बुकातल्या काळ्या गड्याचं काय झालं वो शेवटी?"

दाजींचं पुस्तक वाचून झालं होतं, पण बाभळीखालची गोष्ट अजून तिथवर आली नव्हती. दाजी घोटभर पाणी प्यायले. "पंचांनी सोडला त्याला."

"गोऱ्यांनी सोडला व्हय? मंग आपण काय त्यांच्यापरीस हलकं हाय का?"

उस्मानभाई सुटले. दाजींचे कान लाल झालेले मला दिसले होते; मी मनाशी म्हटलं, उन्हामुळं.

त्यानंतर मी बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नाही. दाजी गेले तेव्हा गेलो, तोवर उशीर झाला होता. बहिणीनं ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. माझ्या कॉलेजातल्या मुलीनं दोन दिवसांत वाचून काढलं.

"आप्पा, त्याला कुठं सोडला? पंचांनी दोषीच धरला की!"

मी हादरलो. तिच्यावरच ओरडलो, पुन्हा वाच म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं. तो निरपराध असल्याचा इतका धडधडीत पुरावा असून? आणि मग ते कान आठवले. जन्म बोटं दाबण्यात गेला माझा, पण भर उन्हात, सगळ्यांसमोर असा सौदा मला कधी साधला नाही. राग आहेच अजून. तो करायला आता दाजी नाहीत, एवढंच.

बाजाराच्या दिवशी बाभळीकडे गेलो. उस्मानभाई थकलेत आता. तोंडातले खिळे हातावर काढून म्हणाले, "आप्पा, दाजी तर गेले. बाईंची काय खबर? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय," मी म्हणालो, आणि पटका कानांवर ओढून घेतला.