चौथा मुद्दा, सर्वानुमते मंजूर

"मॅडम, तुमच्या ठरावातला चौथा मुद्दा तुम्ही स्वतः वाचलाय का?"

फोनवर सुनंदाताई होत्या. कोकणातल्या एका लहान नगरपंचायतीच्या नगरसेविका. मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून सहज म्हणाले, "मीच लिहिलाय, ताई."

"मग वाचून दाखवा ना."

मी सिव्हिल इंजिनिअर. आमची कन्सल्टन्सी राज्याच्या नव्या जल आराखड्यावर काम करत होती. कुठलं पाणी कोणाला, टंचाईत आधी कोणाला, हे ठरवणारा कागद. सरकारने तो मान्य करण्याआधी गावांचा पाठिंबा दाखवायचा होता आणि तो गोळा करणं माझ्याकडे होतं. पाठिंबा म्हणजे ठराव. सभेत एकाने मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर. प्रत्येकाची भाषा वेगळी नको म्हणून मी एकच नमुना सगळीकडे मेल केला होता. फक्त गावाचं नाव भरायचं.

फाइल उघडली आणि वाचायला लागले. "टंचाईच्या काळात धरणातील शिल्लक पाणी प्रथम उद्योगांना, त्यानंतर शेतीला व उरल्यास पिण्यासाठी..."

तिथेच थांबले.

"मगे आमी पिवचा काय?" ताईंनी शांतपणे विचारलं.

एका इंडस्ट्रियल क्लायंटच्या जुन्या ड्राफ्टमधून मी तो परिच्छेद उचलला होता. क्रम उलटा करायचा राहून गेला होता.

ताईंची माफी मागितली, फोन ठेवला आणि मंजूर ठरावांचा गठ्ठा ओढला. अकरा ठराव; ताईंच्या गावचा अजून यायचा होता. अकराही ठिकाणी तोच मुद्दा, जसाच्या तसा, खाली सर्वानुमते मंजूर. त्यातल्या तीन गावांत दर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथल्या सभांना मी स्वतः हजर होते. लोकांनी हात वर केले, मी आभार मानले, चहा घेऊन निघाले. डबा तसाच राहिला.

सामंत सर, आमचे डायरेक्टर, उद्याच्या मंत्रालयातल्या प्रेझेंटेशनची तयारी करत होते. त्यांना सगळं सांगितलं.

"एकच बाई नाही म्हणतेय ना? तिचं गाव यादीतून वगळ. उद्या फक्त यादी दाखवायची आहे."

"सर, लोकांनी स्वतःचं पिण्याचं पाणी शेवटी ठेवायला हात वर केलेत."

"मंजूर केलंय ना त्यांनी?"

"वाचलंच नाहीये कोणी."

"तूही नाही वाचलंस."

ते खरंच होतं. मी म्हणाले, "हो. म्हणून त्या यादीवर मी सही करणार नाही."

सरांनी मंत्रालयात फोन लावून पुढची तारीख मागून घेतली. त्या वर्षीचं माझं प्रमोशन गेलं.

मी अकराही ठिकाणी फोन करून चूक सांगितली. मला वाटलं होतं, शिव्या बसतील. एकानेही आवाज चढवला नाही. एक मुख्याधिकारी तर म्हणाले, "हरकत नाही मॅडम. नवीन नमुना पाठवा, उद्याच्या सभेत घेऊन टाकतो."

"आधी सदस्यांना वाचून दाखवाल ना?"

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

एवढं झाल्यावरही. फोन ठेवून मी नमुन्याची फाइल पुन्हा उघडली.

नव्या नमुन्यात मी चौथ्या मुद्द्यात क्रम लिहिलाच नाही. तीन रिकाम्या ओळी सोडल्या: पहिलं पाणी कोणाला, दुसरं कोणाला, तिसरं कोणाला. सभेत बोला, हाताने भरा.

ठराव हळूहळू यायला लागले. या वेळी खाडाखोड होती, वेगवेगळी अक्षरं होती. एका गावात दुसऱ्या ओळीवरून दोन सभा भांडण चाललं. सुनंदाताईंनी चौथी ओळ स्वतःच आखून गुरांचं पाणी लिहिलं होतं. ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. आराखड्यात ते घेतलं.

एक ठराव मात्र कुरिअरने आला तो अगदी स्वच्छ. सही, शिक्का, सूचक, अनुमोदक, सगळं जागेवर. तिन्ही ओळी कोऱ्या, आणि त्यांच्याखाली टाइप केलेलं: "वरीलप्रमाणे सर्वानुमते मंजूर."

आता पाठिंब्याचा कागद हातात आला की मी आधी खाडाखोड शोधते. नसली तर फोन उचलते.