मांजरपाटाची कनात

आमचं घर कापड उभं करून जगायचं. लग्न असो, मुंज असो, कीर्तन असो, नाहीतर कुणा साहेबाचा मुक्काम असो, कल्याणात मांडव आमचा आणि कनातीही आमच्याच. हे बांबू रोवायचे, दोर ताणायचे, आणि मी घरी बसून कापडाचे पट्टे जोडायची. कनात म्हणजे शेवटी कापडाची भिंत, पण लोकांना ते काम फार सोपं वाटतं. एक बांबू जरा तिरका बसला की सगळी भिंत पोट सुटल्यासारखी दिसते. मग लग्नघरातली प्रत्येक म्हातारी येऊन मलाच ऐकवायची, जसा काही तो बांबू मीच रोवला होता.

मुंबईत गाठीचा ताप पसरला तेव्हा लग्नं थांबली आणि आमच्या कनाती माळ्यावर गेल्या. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी कल्याणच्या ठेसनात थांबवायचे, माणसं खाली उतरवायचे, आणि डाक्तर काखेत, जांघेत चाचपून गाठ आहे का ते बघायचा. बायकांनाही तिथंच, उघड्या फलाटावर, सगळ्यांच्या देखत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांनी फार ओरड केली तेव्हा कुठे बायकांसाठी वेगळी डाक्तरीण आली आणि आडोसा करा म्हणून हुकूम निघाला. ते काम आमच्या ह्यांच्याकडे आलं.

आमच्या नेहमीच्या कनाती खारव्याच्या, लाल आणि चांगल्या जाड. पण तिथे खारवा चालेना. कापड रोज औषधाच्या पाण्यातून धुऊन काढायचं होतं, म्हणून पांढरंच पाहिजे म्हणाले. मग ह्यांनी मांजरपाट आणला. कोरा मांजरपाट म्हणजे खळीनं नुसता पुठ्ठा झालेला असतो, सुई आत जाता जात नाही. बोटं सोलवटून घेऊन मी तो शिवला. दुपारी मलाही बरोबर नेऊन ह्यांनी फलाटावर चारी बाजूंनी कनात उभी केली, आत जाऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "अगं, दिसतोय का मी?"

"नाही दिसत. आणि काही बिघडतही नाही," मी म्हटलं. आतून ह्यांचं हसू ऐकू आलं. त्या दिवसांत घरात हसू तसं कमीच होतं.

आमची एकुलती लेक ठाण्याला दिलेली होती. पहिलटकरीण, आठवा महिना लागत आलेला. तिला सासू नव्हती. घरात सासरा, नवरा, धाकटा दीर, आणि बाईमाणूस म्हणून ही एकटी. बाळंतपणाला ती माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. बैलगाडीतून आणावी तर एवढं अवघडलेलं पोट, आणि वाटेवरही नाकी बसवलेली. आगगाडीशिवाय उपाय नव्हता. अशात एके दिवशी तिचा दीर निरोप घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी येत नाही म्हणतात. त्या ठेसनात उभी राहणार नाही, जे व्हायचं ते इथेच होईल, असं सांगितलंय."

माझी लेक भारी लाजरी. लहानपणी घरात पाहुणा आला की चुलीमागे जाऊन बसायची, पाहुणा जाईपर्यंत जेवायलासुद्धा बाहेर येत नसे. ती हट्टानं बोलत नव्हती, हे मला कळत होतं. पण पहिलं बाळंतपण, जवळ एक बाई नाही, त्यात ठाण्यातही ताप शिरलेला. माझा जीव थाऱ्यावर राहीना.

मी दिराला म्हटलं, "तिला सांग, ती कनात तुझ्या बापानं उभी केलीय आणि आईनं शिवलीय. तुझ्या पायाचं नखसुद्धा कुणाला दिसायचं नाही. मी स्वतः तिथे उभी राहीन."

एवढ्यावर ती यायला तयार झाली.

ती यायची त्या दिवशी सकाळीच मी ह्यांच्याबरोबर ठेसनात गेले. गाडीच्या वेळी फलाटावर कुणाला सोडत नसत. कनात एका ठिकाणी उसवलीय, शिवायला बायको आणलीय, असं ह्यांनी सांगितलं. थंडीचे दिवस होते, मलंगगडाच्या अंगानं ऊन नुकतं वर येत होतं. गाडी आली. पुरुषांची रांग कनातीच्या अलीकडे लागली आणि बायकांना एकेक करून आत घ्यायला लागले. मी पुरुषांच्या बाजूला उभी होते. सहज कनातीकडे बघितलं.

आतली बाई जशीच्या तशी दिसत होती. तिनं दोन्ही हात वर केले, पदर खांद्यावरून उतरला, सगळं पांढऱ्या कापडावर काळं काळं उमटलं. आम्ही कनात पारखली ती दुपारी, ऊन समोर असताना, कोऱ्या कापडावर. रोज धुऊन धुऊन त्याची खळ गेली होती, आता ते नुसतं पंच्यासारखं विरविरीत झालं होतं, आणि ऊन मागून येत होतं. रांगेतले बरेच पुरुष खाली बघत होते. पण काही नव्हते बघत. इतके दिवस कुणीच कसं बोललं नाही? पण बोलणार तरी कोण? बघणारा सांगायचा नाही, आणि आतल्या बाईला कळायचं नाही.

ह्यांनीही ते पाहिलं. "माळ्यावरचा खारवा घेऊन येतो," एवढं बोलून हे धावत सुटले. पण घर काय शेजारी होतं? हे येईपर्यंत सगळ्या बायका आत जाऊन आल्या असत्या.

मी बायकांच्या रांगेकडे वळले. तिथे माझी लेक उभी होती, डोक्यावरून पदर ओढलेला, एक हात पोटावर. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम निवला. आई आहे, म्हणजे आता भीती नाही, असं तिला वाटलं. मला ते बघवेना.

तपासून सुटलेल्या बायका पलीकडे गाठोडी घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीला मी विचारलं, "आजी, गाठोड्यात लुगडं आहे का?"

"आहे की. का गं?"

मी तिच्या कानाशी लागून सांगितलं. तिनं कनातीकडे बघितलं, बराच वेळ बघत राहिली. थोड्या वेळापूर्वी तीही आत उभी होती. मग म्हणाली, "मुडदा बशिवला यांचा," आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली.

आम्ही उन्हाच्या बाजूला गेलो. एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि लुगडं हात पुरतील तेवढं उंच ताणलं. आमचं बघून बाकीच्याही उठल्या. कुणी लुगडं काढलं, कुणी चादर, एकीनं तर लेकराची दुपटी जोडून धरली. कुणाला फार काही सांगावं लागलं नाही. आतून डाक्तरीणबाईचा आवाज आला, "हा अंधार कोणी केला?"

"आम्ही केला, बाई," मी म्हटलं.

ती बाहेर आली. आमच्याकडे बघितलं, मग कनातीला वळसा घालून पलीकडे जाऊन बघून आली. परत आत गेली आणि तिनं पुढच्या बाईला बोलावलं. ती पुढची बाई माझी लेक होती.

मला ती दिसत नव्हती. दिसू नये म्हणून तर सगळा खटाटोप होता. "हात वर" असं ऐकू आलं आणि तिच्या बांगड्या खळकन कोपराकडे घसरल्या. त्यानंतर मला काही ऐकू आलं नाही. माझे दंड भरून आले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

ती बाहेर आली, आम्हाला शोधत मागच्या बाजूला आली. बघितलं, आणि तिला सगळं समजलं. तेवढ्यात तपासून सुटलेल्यांना गाडीत बसायची घंटा झाली. म्हातारीला पुढे जायचं होतं, "लुगडं राहू दे इथंच," म्हणाली, तिचे हातही खाली यायला लागले होते. लेकीनं पुढे होऊन तिच्या हातातलं टोक घेतलं.

"अगं बयो, खाली कर हात," मी ओरडले. "पोटुशीनं असे हात वर धरू नयेत."

"आत धरलेच की, आई," ती म्हणाली, आणि तिनं ते टोक आणखी उंच केलं.

मग मीही माझं टोक वर केलं. आत दुसरी बाई गेली होती.