कुकरची तिसरी तार

इलेक्ट्रिशियनच्या दुकानात दोन गोष्टी साठतात, जळके प्लग आणि किस्से. प्लग निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला ऐकवतो!

बमरोलीत माझं छोटं दुकान आहे. समोरच्या बिल्डिंगमध्ये सगळी आपली खानदेशची, कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं. गॅसची बाटली वेळेवर मिळेना म्हणून घरोघरी इलेक्ट्रिक कुकर आले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

*

पहिले युवराजभाऊ. कुकरचा प्लग जाड, घरातलं सॉकेट बारीक. भाऊंनी प्लग कापून टाकला, उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घातल्या आणि निसटू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. तिसरी, अर्थिंगची तार जास्तीची म्हणून टेप लावून गुंडाळून ठेवली.

मी ओरडलोच, "भाऊ, आग लावायची सगळी सोय केलीत की! काड्यासुद्धा!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "जळालेल्या काड्या आहेत रे. मी काय येडा आहे?"

*

आप्पा लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, मास्तर. कुकर लावला की घरचा फ्यूज उडायचा. आप्पांनी फ्यूजमध्ये चांगली जाड तार बसवली. "आमच्या खात्यात असंच करतात. मशीन थांबायला नको!"

मशीन थांबलं नाही. भिंतीतलं वायरिंग वितळलं, बोर्ड काळा पडला, खोलीभर धूर झाला. मी धावत गेलो तर आप्पा खोकत दारात उभे, हातात फ्यूज.

"बघ! उडला का?"

*

दिनेशचा माझ्यावर विश्वास नाही. तो मोबाईलवर व्हिडिओ लावून कुकरची लाईन टाकायला बसला. व्हिडिओतली पहिलीच सूचना अगदी बरोबर होती, मेन स्विच बंद करा. दिनेशने केला. तरी शेवटी मलाच बोलवावं लागलं.

"मग बिघडलं कुठे?" मी विचारलं.

"वायफाय गेलं ना! पुढचं अंदाजाने केलं."

*

कुकरच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंग. ती नसली तर करंट माणसातून जातो. हे मी बिल्डिंगच्या गुजराती मालकाला, शेठला, हात जोडून सांगितलं.

"अर्थिंग तो छे ज ने!" म्हणत शेठने हिरवी तार दाखवली. तारेमागून जिने चढत गेलो. ती गच्चीच्या भिंतीत एका खिळ्याला गुंडाळलेली! मी खाली येऊन विचारलं तर शेठ हसला.

"खीली भींतमां छे, भींत जमीनमां छे. बीजुं शुं जोइए?"

आणखी काय हवं म्हणे! त्या दिवशी मला फार राग आला. हसण्यासारखं नव्हतंच ते.

*

सिंधूमावशींच्या कुकरला हात लावला की झिणझिण्या येत. चप्पल घातली की येत नसत. पण स्वयंपाकघरातच देव्हारा, तिथं चप्पल कशी चालेल? मावशींनी नवी रबरी चप्पल आणली, गोमूत्र शिंपडून शुद्ध केली आणि फक्त कुकरसाठी ठेवली. महिन्याभरात बिल्डिंगमध्ये घरोघरी सोवळ्याच्या चपला झाल्या! अर्थिंगसाठी मात्र कुणी शेठकडे गेलं नाही.

मग मावशींच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाला उभी राहणार. मावशी दुकानात आल्या, चेहरा उतरलेला. "नवी पोर शे ती. सासरी अनवाणीच फिरी. तिले काही व्हई गयं तं?"

मी म्हटलं, "मावशी, शेठने खड्डा खणून खरं अर्थिंग केल्याशिवाय पोरीला त्या कुकरजवळ उभं करू नका."

मावशी घरी गेल्या. त्यांनी सत्यनारायण घातला आणि शेठला जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं.

शेठ बूट, मोजे दाराबाहेर काढून प्रसन्न चेहऱ्याने आत आला. मावशी पुऱ्या लाटत होत्या, हात पिठाचे. सून कोपऱ्यात पानं वाढत होती. कुकरमध्ये वरण उतू चाललं होतं.

"शेठ, तुम्ही तर घरचेच," मावशी म्हणाल्या. "तेवढं झाकण काढता का?"

शेठने हात पुढे केला. मग थांबला. आधी कुकरकडे बघितलं, मग स्वतःच्या उघड्या पायांकडे, मग मावशींच्या पायांकडे. वरण उतू जात होतं.

शेठ हळूच म्हणाला, "मासी, तमारां चंपल आपो ने!"