तंबूच्या सुतळीला दादाची गाठ

सुरुवातीलाच सांगते, मी मंचरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सुया, नळ्या आणि रिपोर्ट. आमच्या गावात, महाळुंगे पडवळला, कुणाला 'लागिर झालंय', भुताने धरलंय, असं कानावर आलं की मी आधी विचारणार, हिमोग्लोबिन किती आहे? यावरून घरात मला पुष्कळ बोलणी बसली आहेत. तेव्हा हा अनुभव दुसऱ्या कुणी सांगितला असता, तर मी त्यालाही हेच विचारलं असतं... पण हे माझ्याच डोळ्यांसमोर घडलंय, तेही भर दुपारी.

आधी घरातली माणसं सांगते. माझा थोरला भाऊ संतोष, म्हणजे दादा. त्याची बायको मंदावहिनी आणि मुलगी प्रणाली. दादा टोमॅटो करायचा आणि माल नारायणगावच्या मार्केटला न्यायचा. तिथेच एकदा त्याला कुणाकडे तरी तंबू दिसला आणि गडी तो घेऊनच घरी आला! डिंभे धरणाच्या पाण्याकाठी, त्याच्या ओळखीच्या एका घराच्या अंगणात, तंबू टाकून एक रात्र राहायचं असं त्याने प्रणालीला कबूल केलं. तंबूच्या पिशवीवर चार माणसांचं चित्र होतं. मी चिडवलं, "तुम्ही तिघं. चौथा कोण, बिबट्या?"

"बिबट्या कशाला? तू हाईस की," दादा म्हणाला. "तुज्याबिगर न्हाई जायचं."

मी म्हटलं, या महिन्यात सुट्टी नाही, पुढच्या महिन्यात जाऊ. तो बरं म्हणाला. पुढचा महिना यायच्या आत दादा शेतात बसल्या जागी गेला. हार्ट अटॅक. त्याला तीन वर्षं झाली. मी त्या महिन्यात रजा मागितली असती तर मिळाली असती... मी मागितलीच नव्हती. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून प्रणालीने काही मागणंच सोडलं. ती आता तेरा वर्षांची आहे. शाळेची सहल? 'नको.' वाढदिवसाला काय आणू? 'काय नको.' उद्या जत्रेला जाऊ म्हटलं, तर 'बघू.' लोक म्हणायचे, किती समजूतदार पोर! मी मात्र म्हणायची, तेरा वर्षांच्या पोरीने कशी कटकट करून जीव नकोसा करायला हवा!

या उन्हाळ्यात मी ठरवलं, तंबू काढायचाच. आठवड्याची रजा टाकली, डिंभ्याच्या त्या घरी फोन करून विचारलं. "या की, आंगण काय कुठं पळून जातंय," तिथल्या काकू म्हणाल्या. प्रणालीला सांगितलं तर ती नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. वहिनीचा तर साफ नकार होता. पाणी, बिबटे, वारा, सगळं तिने बोटांवर मोजून दाखवलं. मी हटले नाही. शेवटी तिने अट घातली.

"ताई, आधी हितं खळ्यात उभा करून दावा. आपली जेवणं होईस्तवर ऱ्हायला उभा, तर जावा. पडला तर परत नाव काढायचं न्हाई."

मी लगेच हो म्हणून बसले. तंबू माळ्यावरून काढला, पिशवी उघडली... तर कापड आहे, काठ्या आहेत, खुंट्या आहेत, पण ताणायच्या दोऱ्याच नाहीत! वहिनीचा चेहरा उतरला. दादा गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात टोमॅटो बांधताना सुतळी कमी पडली होती. माळ्यावर पांढरी दोरी दिसली, तिने ती घेतली आणि झाडांना बांधून टाकली.

"मला काय म्हाईत ती तंबूची व्हती," ती म्हणाली. "दोरी म्हंजी दोरी. झाडं लोळाया लागली व्हती..." तिला रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, जाऊ दे, टोमॅटोची दोरी तंबूची केली तर कुठे बिघडतं, सुतळी आहेच की.

आता इथे गाठीचं सांगायला हवं. आमच्याकडे टोमॅटोचं झाड मोठं झालं की काठ्या रोवून तार ओढतात आणि झाडं सुतळीने तारेला बांधतात. हंगाम संपला की सगळे ती सुतळी विळ्याने कापतात. दादा कापायचा नाही. तो डावखुरा होता. त्याची गाठ डावीकडून वळायची, सुतळीचं टोक खालच्या वेढ्यात दडवलेलं असायचं, आणि ते टोक ओढलं की गाठ सर्रकन सुटायची. सुतळी पुढच्या वर्षी पुन्हा कामी यायची. ती गाठ कुणालाच जमली नाही. वहिनीला नाही, मला नाही, शेजारच्या रामभाऊ आण्णांनाही नाही. शिकवताना दादा स्वतःच गोंधळायचा आणि म्हणायचा, "तुमचे हातच उलटे हाईत, राव!"

तर त्या दिवशी अकराच्या सुमारास मी आणि प्रणालीने खळ्यात तंबू उभा केला. प्रणाली सुतळी तोडून द्यायची, मी बांधायची. सहा खुंट्या, सहा सुतळ्या. मला येते ती साधी निरगाठ, पक्की म्हणून एकीवर एक अशी दोनदा मारली. तंबू ढिलाच होता, एका बाजूला झुकलेला. प्रणाली म्हणाली, "पडंल हा, आत्या." तिच्या आवाजात वाईट वाटल्याचा मागमूस नव्हता. मला त्याचंच वाईट वाटलं.

वहिनीने हाक मारली. आम्ही तिघी मागच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी जेवायला बसलो. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी याचाच शंभर वेळा विचार केलाय. तिघींपैकी कुणीही उठलं नाही. वहिनीनेही भाकऱ्या आधीच करून घेतल्या होत्या. पाचदहा मिनिटं झाली असतील, आणि वावटळ आली.

उन्हाळ्यात दुपारच्या वावटळी आम्हाला नव्या नाहीत. पण ही मोठी होती. पत्रे थडथडले, बाहेर काहीतरी फाटल्याचा आवाज आला, घरात धूळच धूळ. प्रणालीने घास खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, झालं! आता ही पोर मला कधीच काही मागणार नाही.

धूळ बसल्यावर बाहेर पळालो. रामभाऊ आण्णांच्या कांद्यावरची ताडपत्री उडून आमच्या बांधावर येऊन पडली होती. आमच्या पिंपाचं झाकण पार रस्त्यावर गेलं होतं.

तंबू उभा होता.

नुसता उभा नाही, ताठ. झुकलेली बाजू सरळ झाली होती आणि सुतळ्या ताणलेल्या. मी खुशीत म्हटलं, "बघा, माझी गाठ!" आणि वाकून पाहिलं, तर ती माझी गाठ नव्हती. सुतळी तीच. वळण मात्र डावीकडून, टोक खालच्या वेढ्यात दडवलेलं. सहाच्या सहा खुंट्यांवर.

आण्णा ताडपत्री न्यायला आले होते. मी काहीच बोलले नव्हते. ते सहज खाली बसले, एका गाठीला बोट लावलं आणि म्हणाले, "ही संत्याची गाठ हाय. कुणी मारली?"

वहिनी पुढे आली आणि एकेक खुंटी बघत गेली. मी तिच्याकडे संशयाने पाहिलं, खरं सांगते. तिला ते कळलं. "मला येत आस्ती तर तीन वरीस विळ्यानं कापली आस्ती का, ताई?" ती म्हणाली. आण्णा सकाळपासून शेजारच्या वावरात पाणी भरत होते. खळ्यात कुणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पायांचे ठसे बघावेत, तर वावटळीने माती सारखी करून टाकलेली.

प्रणाली मात्र सरळ पहिल्या खुंटीपाशी गेली. दडवलेलं टोक चिमटीत धरून तिने ओढलं. गाठ सर्रकन सुटली. ती हसली, मग रडायला लागली, चांगली मोठ्याने, हुंदके देऊन. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि त्या रजेचं, न मागितलेल्या रजेचं, सगळं तिथेच सांगून टाकलं. तिने नाक पुसलं. मग म्हणाली, "मग आता तरी कवा जायचं, आत्या? लवकर सांग ना!"

तीन वर्षांत तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

त्या गाठी कुणी मारल्या, मला माहीत नाही. मी नकळत मारल्या असतील म्हणून नंतर ती गाठ मारून बघण्यात सुतळीचं एक अख्खं बंडल वाया घालवलं. नाही जमली. वावटळीने सुतळ्या पिळल्या असतील म्हणावं, तर वारा टोक वेढ्यात दडवत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मी वाद घालणार नाही. बाकीच्या पाच गाठी वहिनीने सोडू दिल्या नाहीत. सुतळी पलीकडून कापली आणि त्या गाठी देवापाशी ठेवल्या.

येत्या शनिवारी आम्ही निघतोय, वहिनीसुद्धा. सामानाची यादी प्रणालीने केली आहे आणि चार दिवस माझ्यामागे नुसती भुणभुण लावली आहे. बॅटरी आणली का? मॅगी आणली का? सुतळी घेतली का? काल यादी वाचताना मला दिसलं, 'चटया – चार'.

"अगं, आपण तिघीच ना?" मी म्हटलं.

"तंबू चौघांचा हाय," ती म्हणाली.

वहिनी भाकऱ्या थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. हात धुऊन उठली, माळ्यावरून चौथी चटई काढली आणि अंगणात नेऊन झटकली. आणि मी, रिपोर्ट पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी, मी ती घडी करून सामानात ठेवली.