नमुन्यातला क्रमांक

“लिहिल्यालं कुणी वाचतच न्हाय म्हन्तीस, तर त्यानं माझं वाटोळं कसं झालं?” शांतम्मांनी हा प्रश्न त्यांची भाची शिवांजली हिला विचारला, तेव्हा मी, त्यांच्याच गावचा, त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. शिवांजलीने माझ्याकडे पाहिले. हे टिपण मी लिहायला घेतले ते या प्रश्नामुळे.

शांतम्मा सास्तूरजवळच्या एका लहान गावच्या. गावाचे नाव छापू नये ही त्यांची अट आहे. तिशीतच वैधव्य आले आणि त्यानंतर बावीस वर्षे त्यांनी गावच्या मठातील दासोहाचे स्वयंपाकघर सांभाळले. दर सोमवारी आणि श्रावणभर येईल त्याला पंगतीत बसवून जेवू घालणे, हा तेथील दासोह. कोणत्या दिवशी किती पाने, हुग्गीसाठी, म्हणजे खिरीसाठी, गहू किती भरडायचे, चुलीपाशी कोणी बसायचे, हे त्या ठरवीत. पानांची वर्दी देण्यासाठी मठाच्या भिंतीवर त्यांचा मोबाइल क्रमांक रंगवलेला होता. हळदीकुंकवाला त्यांना न बोलावणारी घरेही सोमवारी त्यांना ‘अक्का’ म्हणून हाक मारीत. गावात त्यांना जो मान होता तो या चुलीमुळे.

शिवांजलीला त्यांनीच वाढवले. उमरग्यात संगणकाची पदवी घेऊन ती २०२१ मध्ये जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहिली आणि पुण्यातील एका कंपनीचे काम करू लागली. मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्यांसाठी कंपनीने एक साधन तयार केले होते. ते जोडले की खेळात ‘मित्राला कळवा’ असे बटण येई आणि ते दाबले की जिंकल्याचा निरोप व्हॉट्सॲपवर जाई. हे साधन कसे बसवावे, याची पुस्तिका लिहिणे हे तिचे काम.

अशा पुस्तिकेत, खेळ बनवणाऱ्यांना पाहून लिहिता याव्यात म्हणून, संगणकाच्या आज्ञांच्या नमुन्याच्या ओळी द्याव्या लागतात. निरोप खरोखर पोहोचल्याचे चित्र दाखवण्यासाठी तिला एक चालू क्रमांक हवा होता. आमच्याकडे मुलीने कोणत्याही कागदावर स्वतःचा क्रमांक घालायचा नसतो; शाळेच्या अर्जापासून दुकानाच्या पावतीपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांचा घालायचा. ही शिकवण आत्याचीच. शिवांजलीने सवयीने आत्याचा क्रमांक घातला. निरोपात खेळणाऱ्याच्या ‘जिंकलो’पुढे, आत्यालाच जाणार म्हणून, तिला नेहमी विचारायचा प्रश्न जोडला: ‘आज जिंकलो! तू कधी येतेस?’ त्याखाली तिने स्पष्ट नोंदवले की हा क्रमांक केवळ नमुन्यादाखल आहे, त्या जागी खेळणाऱ्याने निवडलेला क्रमांक यावा. कंपनीतले तिचे वरिष्ठ अमरसिंह यांनी फोनवर विचारले, “नमुना चालतोय ना? मग लाव साइटवर. बाकीचं कोण वाचतंय?”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. घाईत पत्त्यांचे खेळ बनवणाऱ्यांनी नमुना क्रमांक आणि निरोपासह जसाच्या तसा उचलला. त्या दिवाळीपासून शांतम्मांच्या फोनवर अनोळखी पुरुषांचे निरोप येऊ लागले. आज जिंकलो, तू कधी येतेस. दिवसाला दहा, मग चाळीस.

पानांची यादी उतरवायला मठाचे कारकून कुमार यांनी एका सोमवारी तो फोन हातात घेतला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य पारावर पोहोचले होते.

“अक्का, आज कोन जिंकलं?” पाण्याच्या टाकीपाशी कोणीतरी विचारले.

“तुझा बाप,” शांतम्मा म्हणाल्या, आणि घागर उचलून चालू लागल्या.

हे कळताच शिवांजलीने पुस्तिकेतला क्रमांक त्याच आठवड्यात बदलला. परंतु लोकांच्या मोबाइलमध्ये उतरलेले खेळ परत बोलावता येत नाहीत. मठाच्या समितीचे प्रमुख सिद्धाराम यांनी नंबर बदलण्याचा सल्ला दिला. शांतम्मांनी तो मानला नाही. “म्या काय केलंय म्हनून बदलू? बदलला की म्हनतील, सापडली म्हनून बदलला.”

फेब्रुवारी २०२२ मध्ये समिती बसली. शिवांजली चार पानी खुलासा घेऊन आली होती. साध्या मराठीत, चित्रांसह; माझ्या मते तिने लिहिलेला हा सर्वांत चांगला मजकूर. सिद्धाराम यांनी पाने न उलगडता मांडीखाली ठेवली.

“वाचा की काका,” ती म्हणाली.

“वाचतो सावकाश. तू तोंडानं सांग. नंबर कुनी दिला?”

“मी दिला. चूक माझी आहे. आत्याला यातलं काहीच ठाऊक न्हाय.”

“म्हंजे ते गडी तुझ्या वळखीचे व्हय?”

कोणीतरी हसले. शिवांजली पुन्हा सांगू लागली, खेळ, बटण, नमुना. प्रत्येक शब्दागणिक तिचेच नाव त्या गड्यांशी अधिक जोडले जात होते. शांतम्मा कोपऱ्यातून उठल्या. “यव्वा, गप बस आता. माझं गेलं ते गेलं, तुझं कशाला घालवतीस?” कमरेची स्वयंपाकघराची किल्ली सोडून त्यांनी सिद्धाराम यांच्यापुढे ठेवली. ती घेऊ नका, असे बावीस वर्षे त्यांच्या हातचे जेवलेल्यांपैकी एकानेही म्हटले नाही. मीही त्या बैठकीत होतो.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या आकड्यांवर चुना फिरला. शिवांजलीने काम सोडले नाही. आत्याचे घर आता त्याच पगारावर चालते. कंपनीने त्या वर्षी पुस्तिकेची वाखाणणी केली, कारण नमुना वापरणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली.

मठातील दासोहाचा स्वयंपाक २०२४ च्या श्रावणापासून लातूरच्या एका आचाऱ्याकडे कंत्राटाने दिलेला आहे.