खुशालरावांचा गाल

खुशालराव गेली एकतीस वर्षं, एक वडिलांचं सुतक सोडलं तर, न चुकता रोज दाढी करतात, आणि ती काही मिरवण्यासाठी नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत आमची मिल आहे, रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद करणारी. वाफेच्या ड्रमांवरून वाळून आलेला कागद पुरता वाळला की नाही, हे सांगायचं काम खुशालरावांचं. तुकडा फाडायचा, कानाशी चुरगळायचा, गालाला लावायचा. गालावर खुंट असले की कळत नाही म्हणतात. त्यांचे वडील वारले तेव्हा चौथ्याच दिवशी मालकाने त्यांना आणायला त्यांच्या गावी, बाळापूरला माणूस धाडला. सुतकातली दाढी वाढलेली, म्हणून खुशालरावांनी मिलमध्ये येऊन कागद ओठाला लावला आणि सांगितलं, "ओला हाय."

मी तिथेच वजनकाट्यावर आहे. माझा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी तपासलेले दहा तुकडे मी गुपचूप लॅबमध्ये नेले. दहाच्या दहा बरोबर निघाले. तेव्हापासून मी त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही.

गेल्या वर्षी कागदावर नजर ठेवणारे सेन्सर आले, पडदा आला आणि अमरावतीचा इंजिनिअर कुलदीप आला. पोरगा गुणी. त्याने खुशालरावांपुढे दोन बटणं ठेवली. वाळला तर हिरवं, ओला तर लाल, दर अर्ध्या तासाला, तीन महिने.

"काका, तुमी फक्त दाबत राहा. मशीन तुमच्यापासून शिकून राहिली."

"अन् शिकल्यावर?"

कुलदीप लॅपटॉपमध्ये बघत राहिला. उत्तर सगळ्यांनाच समजलं.

माणूस असा अडकला होता की बघवत नव्हतं. वय बावन्न. दुसऱ्या कुठल्या धंद्यात गालाला कोण विचारतो? खरं दाबलं तर तीन महिन्यांत आपल्याच हाताने घरी बसायचं. नाही दाबलं तर आजच. मला चीड यायची ती खुशालरावांची. इमानदारीने बटणं दाबत बसायचे. त्यांची बायको जमुना डबा घेऊन आली की माझ्यादेखत बोलायची, "काहून खरं सांगता त्याले? दाबा न उलटं!"

दोन महिने त्यांना ते जमलं नाही. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "भाऊ, गाल सांगते अन् बोट ऐकते. मधात मले कोणी इचारतच नाही."

एका गुरुवारी दुपारी मात्र त्यांनी धीर केला. मी वजनाची चिठ्ठी द्यायला आत गेलो होतो. कागद गालाला लावला, चेहरा पडला, आणि हिरवं बटण दाबलं. ओल्या कागदाला हिरवं!

मिनिटभरात कुलदीप धावत आला, हसत. पडद्यावर लाल अक्षरं होती: तपासनिसाची चूक. मशीनने त्यांचं ऐकलंच नव्हतं, कागद ओला आहे हे ओळखून स्वतःच वाफ वाढवली होती.

"काका, मशीन तयार झाली! महिनाभर आधी!"

त्यांच्या खोट्यानेच मशीन पास झाली. मला रडू येईलसं झालं.

मग कुलदीपला त्यांचा चेहरा दिसला असावा. त्याने आवाज हळू केला. "वयामुळं होते काका कधी कधी. गाल चुकला असंन. तसंच लिहितो म्या, मंग सायेब तुमाले गेटवर बसवतीन. जाणूनबुजून उलटं दाबलं म्हटलं तर मात्र तेही नाही भेटणार."

मी मागून हातवारे करत होतो, हो म्हणा, अहो हो म्हणा! दहा वर्षांची रोटी होती ती. नुसती मान हलवायची होती.

खुशालरावांनी बाजूला पडलेला तोच तुकडा उचलला आणि कुलदीपच्या हातात दिला.

"हा ओला हाय, अन् मले तवाही समजलं होतं. गाल नाही चुकला. म्या जाणून उलटं दाबलं. तसं लिही."

कुलदीपने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"लिही न बाप्पा," ते म्हणाले, आणि त्याने तसंच लिहिलं.