धाकटीचे कान आणि माझी पारख

माझी धाकटी जाऊ दिवसाचे आठ तास धान्याच्या खोलीत बसते. दोन पिंपांच्या मधे टेबल, दाराला आवाज अडवायला गोधडी. गिझर बिघडलेल्या लोकांच्या तक्रारी ती फोनवर ऐकून घेते. "हं, बोला काका, लाल दिवा लागतोय का?" इतकं मऊ बोलते, की मला त्या काकांचा हेवा वाटतो. गोधडीच्या अलीकडे आली की तीच बाई म्हणते, "जाऊबाई, हा चहा आहे, की कप विसळलेलं पाणी?"

गेल्या आठवड्यात तिची साहेबीण बोलली, "गिऱ्हाइकं अर्ध्यातच फोन ठेवतायत. शनिवारपर्यंत सुधारलं नाही, तर तुमच्या जागी दुसरी." जुन्या हेडफोननं तिच्या कानामागे फोडही आला होता. दीर घरी बसल्यापासून तिच्याच नोकरीवर त्यांचं चालतं.

मी म्हटलं, बिनवायरचे, स्वस्तातले इयरफोन मी निवडते. रोज सकाळी दोन तास भजनं ऐकते मी, पारख माझ्याएवढी कुणाला?

"पारख?" हे पेपरातून म्हणाले. "तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

दुकानदार ओळखीचा. त्यानं तीन जोड वापरून बघायला दिले. रात्रंदिवस देवदेव करणारी मी, पहिला हात घातला तो सोनेरी जोडाला. कानात अगदी कुड्यांसारखे दिसत. आरशासमोर तीनदा जाऊन आले आणि वहीत लिहिलं, 'आवाज बरा.' दुसऱ्या दिवशी देवापुढे डोकं टेकवलं, तर डावा घरंगळत थेट समईखाली. देवानंच नापास केला म्हणायचा.

दुसरा जोड काळा. त्यात गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येई. पण तासाभरात कानात खलबत्ता चालल्यासारखं दुखायला लागलं. तिसरा कुजक्या वांग्याच्या रंगाचा, तोंडाकडे लांब काडी आलेला. कानात आहे की नाही कळत नसे, इतका हलका. पण भजन टाकीत बुडून म्हटल्यासारखं ऐकू येई.

मी निकाल लिहिला: 'काळा पहिला, वांगी शेवटचा. देहाला थोडा त्रास झाला तरी सूर खरा पाहिजे.' वाक्य मला इतकं आवडलं की खाली रेघ मारली. देह धाकटीचा होता, हे ध्यानात आलं नाही.

गुरुवारी ती काळा जोड घालून बसली. दुपारी गोधडी फाडल्यासारखी बाजूला करून बाहेर आली. डोळे भरलेले.

"चार जणांनी ठेवला फोन! एक आजी म्हणाल्या, बाई, तू विहिरीतून बोलतेस का? मला त्यांचं सगळं लख्ख ऐकू येतंय हो!"

"मग अडचण काय?"

"अहो, त्यांना माझं नको का ऐकू जायला?"

तीन दिवस तीन जोड तपासले, पण एकदाही तोंड उघडून बोलून बघितलं नव्हतं. उभा जन्म देवाशी बोलण्यात गेला. आपला आवाज पलीकडे कसा पोचतो, हे बघायची सवयच नाही.

मग धाकटीला खोलीत बसवलं आणि मी गच्चीवरून फोन लावला. सोनेरीत तिच्यापेक्षा पंखा जास्त बोलत होता. काळ्यात ती खरंच विहिरीत. शेवटी वांगं घातलं.

"जाऊबाई, येतंय का ऐकू? की तुमची पारख अजून भजनातच आहे?"

टोमणा जसाच्या तसा पोचला. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "अजून एक मार."

"गाणी कशी का वाजेनात," ती म्हणाली, "माणसांचं बोलणं कळतंय. आणि कान दुखत नाहीये."

शुक्रवारभर एकही फोन मधे तुटला नाही. शनिवारी साहेबिणीनं तिलाच विचारलं, "कुठला जोड घेतलात?" धाकटी मधाळ आवाजात म्हणाली, "आमच्या जाऊबाईंनी निवडला." गोधडीच्या अलीकडे येऊन पुढे म्हणाली, "शेवटच्या नंबरावर."

काळा आणि सोनेरी परत करताना दुकानदार म्हणाला, "सोनेरी तरी ठेवा की, वहिनी. शोभतो."

"छे, असलं मला कुठलं आवडायला," मी म्हटलं. तेच संध्याकाळी देवासमोर म्हणायला गेले, पण जीभ रेटेना. तिथे बहुतेक ऐकू जात असावं.